ही कुंदा कोण?

छापखान्यातून प्रूफं आली ती मधल्या सुट्टीच्या जरा आधी, आणि घंटा होईपर्यंत विमलाबाईंच्या टेबलाभोवती इंग्रजी पाचवीच्या, म्हणजे आजच्या नववीच्या, मुलींचा असा गराडा पडला की बाईंचा नुसता अंबाडा दिसत होता. शाळेचा वार्षिक अंक आजवर हातानं लिहिला जायचा. सुवाच्य अक्षराच्या दोघीतिघी मुली बोटं काळी करून घ्यायच्या आणि तो एकुलता एक अंक कपाटात जाऊन बसायचा, कसरीला खाऊ म्हणून. यंदा, सन १९३४ च्या संमेलनाला, तो छापून निघणार होता. खऱ्या शिशाच्या खिळ्यांनी, खऱ्या शाईनं! पुण्यामुंबईच्या पाहुण्यांच्या हातात पडणार होता.

कोंडी शिवलकरनं दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि गराड्यात मुसंडी मारली.

"कोंडे, हळू की! माणसं आहोत आम्ही," कमळा ओरडली.

"माणसांनी वाट द्यावी," कोंडी म्हणाली आणि बाईंच्या अगदी खांद्याशी जाऊन पोचली.

शाईचा वास नाकात गेला. ओली शाई, जाडाभरडा कागद, आणि त्यावर आपले शब्द! तिचा लेख तिला लांबूनच ओळखू आला, गर्दीत आपली आई ओळखू येते तसा. वर मथळा होता 'माझे नाव'. तिनं लिहिलं होतं 'माझं नाव कोंडी'. बरं, जागा पुरली नसेल. मग तिची नजर थेट तळाला धावली, लिहिणाऱ्याचं नाव असतं तिथं. तिथं छापलं होतं: कु. कुंदा गंगाराम शिवलकर.

कोंडीनं पान उलटून मागं पाहिलं. जणू पलीकडच्या बाजूला आपण सापडू.

"बाई," ती म्हणाली, "ही कुंदा कोण?"

"अगं, तूच ती," विमलाबाई म्हणाल्या, पण तिच्याकडे न बघता. चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. बाई चष्मा पुसायला लागल्या की समजावं, काहीतरी अवघड आहे.

तेवढ्यात कमळेनं कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. कमळेचा आवाज खणखणीत, संमेलनात नांदी तिचीच असायची. "'जन्मतःच मला सुपामध्ये कोंड्यावर ठेवण्यात आले, व म्हणूनच माझे नाव कुंदा असे ठेवण्यात आले.'" ती थांबली. पुन्हा वाचलं. मग तिला हसू आवरेना. "कोंड्यावर ठेवली म्हणून कुंदा! अगं, तांदळावर ठेवली असती तर तारामती झाली असतीस!"

"आणि शेणावर ठेवली असती तर शेवंती!" मागून कुणीतरी भर घातली. सगळा वर्ग खिदळला.

कोंडीलाही हसू आलं. खोटं कशाला बोला, विनोदच झाला होता तो. तिच्या लेखातली प्रत्येक कोंडी कुणीतरी निवडून काढली होती, तांदळातला खडा काढावा तशी, आणि तिथं एकेक कुंदा नेऊन बसवली होती. कोंडा मात्र कोंडाच राहिला होता. पण ती पुढं वाचत गेली आणि हसू जिरलं. दोन ओळी नव्हत्याच. तिच्या आधी जन्मलेल्या बहिणींच्या त्या ओळी. 'माझ्याआधी घरात दोघी होत्या. एकीचं नाव हिरा, दुसरीचं सुंदरा.' तिथं आता नुसता पूर्णविराम होता.

"खिळे जुळवणाऱ्यानं चूक केली का हो, बाई?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही गं. हरिश्चंद्रपंतांनी स्वतः तपासलंय. आधी त्यांना वाटलं, तुझाच हात घसरला. मी म्हटलं, नाही हो, मुलीचं नाव तेच आहे. तर म्हणाले, असं? मग तर बदलायलाच हवं."

आता हरिश्चंद्रपंत म्हणजे कुणी लुंगेसुंगे नव्हेत. नावाजलेले वकील, शाळेच्या मंडळाचे चिटणीस आणि या अंकाचे संपादक. मुलींनी शिकावं म्हणून ते गावात दारोदार फिरले होते. नुसते आपल्या आळीत नाही. मांडवीला, भंडारवाड्यात, दर्यावर्दी खारव्यांच्या घरीसुद्धा. कोंडीच्या अंगणात उभं राहून तिच्या बापसाला, "गंगाराम, पोरगी हुशार आहे, हिला घरात बसवलीस तर मी तुझ्यावर खटला भरीन," असं त्यांनीच हसत हसत बजावलं होतं. गंगाराम आगबोटीवरचा खलाशी, वादळाला न भिणारा. पण वकिलाला भ्यायला आणि कोंडी शाळेत आली. त्या पंतांना उलट विचारायचं म्हणजे माणसानं कृतघ्न तरी असावं, नाहीतर वेडं.

कोंडी थोडी थोडी दोन्ही व्हायला तयार होती.

खरं तर वर्षभरापूर्वी हाच प्रकार घडला असता तर तिनं पंतांच्या पायांवर लोटांगण घातलं असतं. कुंदा! पांढरं, नाजूक, कुणालाही डोक्यात माळावंसं वाटेल असं नाव. आणि हिचं काय, तर कोंडी. म्हणजे भात सडल्यावर उरतो तो भुसा. हजेरीत बाईंनी 'कोंडी शिवलकर' म्हटलं की मागच्या बाकावरून कोंबड्यांना बोलावल्यासारखा 'बा बा बा' असा आवाज यायचा. वह्यांवर ती 'कु. के. जी. शिवलकर' लिहायची, एखाद्या मामलेदारासारखं. गणपतीपुळ्याला जत्रेत भेटलेल्या एका मुलीला तिनं आपलं नाव चक्क कमळा सांगितलं होतं, आणि ती मुलगी "कमळा, ए कमळा!" अशी पाठीमागून हाका मारत राहिली, तर हिचं लक्षच नाही!

मग झाली ती वक्तृत्वाची स्पर्धा. विषय 'स्त्रियांचे हक्क'. कोंडी अशी काही बोलली की समोर बसलेल्या वकिलांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं बक्षीस. पंत स्वतः नाव पुकारायला उभे राहिले, कागदाकडे बघून किंचित अडखळले, आणि म्हणाले, "कुमारी शिवलकर." कोंडीला त्या घटकेला त्यांचे उपकार वाटले. पण शाळेत शिवलकर दोन. दुसरी मालन, तिची मैत्रीण, जिला चार माणसांत स्वतःचं नाव सांगतानासुद्धा घाम फुटतो. बातमी गावात पोचली ती मालनची म्हणून. मालनच्या मामानं पेढे वाटले. मालनच्या आजोळहून तिला पातळ आलं.

"मी सांगणार होते गो खरं," मालन नंतर रडवेली होऊन म्हणाली, "पण मामानं आधी पेढाच कोंबला तोंडात. तोंडात पेढा असताना कसं सांगायचं?"

मालनचा काय दोष! कोंडी घरी आली आणि आरशासमोर उभी राहून आपल्या तोंडावर आपलं नाव म्हणाली. कोंडी. आधी हळू, मग जोरात. मग इतक्या जोरात की शेजारच्या गंगुबाईनं कुंपणावरून विचारलं, "काय गो, कुणाला हाक मारतंस?"

"मलाच!" कोंडी म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं आईला विचारलं, हे नाव मला का ठेवलंस. सगुणा, तिची आई, पाठमोरी बसून माडाच्या झावळ्या विणत होती. ती वळली नाही, पण बोलली. पहिली मुलगी झाली, तिचं नाव हिरा ठेवलं. गेली. दुसरी झाली, गोरीपान, तिचं सुंदरा. तीही गेली. माणसं म्हणाली, चांगली नावं ठेवता, दैवाची नजर जाते. म्हणून तिसरी जन्मली तेव्हा तिला सुपात कोंड्यावर घातली, गंगुबाईनं मूठभर कोंडा देऊन ती 'विकत' घेतली आणि परत दारातून आत आणून टाकली. नको असलेला जिन्नस टाकावा तशी. म्हणजे वर जो कोण हिशेब ठेवतो त्याला वाटावं, हा भुसा आहे, न्यायच्या लायकीचा नाही.

"आणि फसला तो?" कोंडीनं विचारलं.

"फसला नाय तर तू कशी बसलंस हयसर?" आई म्हणाली, आणि पुन्हा त्या दोघींबद्दल एक शब्द बोलली नाही.

कोंडीनं तोवर वर्गात 'उषःकाल' आणि 'सागरतीरावरील सायंकाळ' असले निबंध पाडले होते. त्यात समुद्र नेहमी धीरगंभीर असायचा आणि त्याला कधी मासळीचा वास यायचा नाही. त्या दिवशी मात्र ती मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसली आणि लिहायला लागली तर लेखणी मागं मागं आणि शब्द पुढं पुढं. आपल्या आईनं आपल्यापायी देवाला ठकवलंय! असं ज्यांच्या घरात घडलंय त्यांनी 'उषःकाल' कशाला लिहावा? कोंडा म्हणजे टाकाऊ हे तिनं आजवर धरून ठेवलं होतं. आज कळलं, ते चिलखत होतं. लेख संपला तेव्हा तिनं खाली नाव लिहिलं, के. जी. नाही, कु. शिवलकर नाही. कोंडी गंगाराम शिवलकर. आणि उगाचच त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आणि आता तिथं कुंदा येऊन बसली होती.

घरी आली तेव्हा अंगणात जवळा वाळत होता आणि सगुणा हातात काठी घेऊन कावळे हाकत होती. कोंडीनं दप्तर ओट्यावर आपटलं आणि सगळी हकिगत सांगितली. गाळलेल्या दोन ओळींचं मात्र बोलली नाही. त्या लिहिल्या होत्या हेच आईला माहीत नव्हतं. त्या दोघींची नावं घरात कुणी घेत नसे.

तिला वाटलं होतं आई चिडेल. आई म्हणाली, "कुंदा? चांगला आहे की गो नाव."

"आये!"

"ओरडतंस कित्याला? वकीलसाहेब शिकलेला माणूस. त्यानं काढलान् तो विचार करूनच काढलान् असेल. उद्या तुला बघायला माणसं येतील, कोंडी सांगायचा की कुंदा?"

"माणसं येतील तेव्हा येतील. लेख माझा आहे."

सगुणानं एक कावळा हाकला. मग काठी खाली ठेवून जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "आणि असला सगळा छापून कशाला सांगायचा जगाला? सटवाईला कळला तर?"

"काय कळला तर?"

"की तू कोंडा नव्हतंस म्हणून."

कोंडी बघतच राहिली. आईच्या डोळ्यांत खरी भीती होती. म्हणजे हा डाव अजून चालूच होता! एवढी वर्षं झाली, पोर उंचीला आईच्या वर गेली, तरी बाई अजून दैवापुढं हातचं झाकून बसली होती.

कोंडी तिच्याशेजारी बसली. "आये, सटवाई काय करते? पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहिते ना?"

"हां."

"म्हणजे लिहिणारी बाई आहे. मी पण लिहिते. ती माझ्या वाईटावर कशाला असेल? लिहिणाऱ्या बाईला दुसऱ्या लिहिणारीचा राग येत नाय."

(कमळा कविता करायची आणि कोंडीला तिचा भयंकर राग यायचा, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.)

"तुला बरा ठाऊक सटवाईचा," सगुणा म्हणाली. पण हसू ओठांत दाबत होती. तेवढ्यात कावळ्यानं डाव साधला, जवळ्यात चोच मारली, आणि आई "मेल्या!" म्हणून धावली. बोलणं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी कोंडी पंतांसमोर उभी राहिली. शाळेच्या कचेरीत पंत अंकाचे कागद पसरून बसले होते. विमलाबाई बाजूला हातातला खडू उगाच फिरवत उभ्या.

"ये, कुंदा," पंत हसून म्हणाले. "लेख छान झालाय हो. अगदी जिवंत."

"लेख कोंडीचा आहे, साहेब."

पंतांनी लेखणी खाली ठेवली. ते रागावले नाहीत, आणि तेच कोंडीला जड गेलं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. "हे बघ, मुली. तुझ्या भल्यासाठीच केलंय. मुंबईपुण्याची मोठी माणसं हा अंक वाचतील. त्यांना काय दिसावं? की रत्नागिरीच्या मुली शिकल्या, पुढं आल्या; की अजून आम्ही पोरी कोंड्यावर टाकतो? असल्या अडाणी चाली मोडायच्या म्हणून तर शाळा काढली. आणि शब्दाचा अर्थ तरी बघ. कोंडी म्हणजे अडवणूक."

"मग बरोबरच आहे की. मी अडवतेच आहे."

बाईंचा खडू मोडला.

पंतांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. "हट्ट करू नकोस."

"साहेब, मी हक्क सांगते. तुम्हीच बक्षीस दिलं होतंत, त्याच भाषणाला."

"हक्क वेगळा, हट्ट वेगळा."

"एका जोडाक्षराचा तर फरक," कोंडी म्हणाली. "मुलग्यानं मागितलं की हक्क होतो, मुलीनं मागितलं की हट्ट. साहेब, तुम्ही माझं शुद्धलेखन सुधारा, मी हूं का चूं करणार नाही. ऱ्हस्व चुकलं तर दीर्घ करा. पण नाव चुकलेलं नाही. आणि तुम्ही ते बदललंत तर लेखच खोटा होतो. कोंड्यावर घातली म्हणून कुंदा, असं जगात कुणाचं नाव ठेवतात का? काल सगळा वर्ग हसला. तुमचे मुंबईचे पाहुणे हसणार नाहीत?"

हा मुद्दा पंतांना लागला. वकीलच ते. त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांपुढं धरला, ते वाक्य वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "मग कोंड्याचं वाक्यच काढू. नुसतं 'माझे नाव कुंदा' ठेवू."

"मग माझं काय उरलं त्यात?"

"छापलेलं पान उरेल. ते नको असेल तर लेख वगळावा लागेल. तूच ठरव."

कोंडीच्या डोळ्यांपुढं ते पान आलं. आगबोट रत्नागिरीला लागली की ती बाबांना अंक देणार होती. बाबांना अक्षर लागत नसे. पण बोटीवर कोण ना कोण वाचणारा असतोच. डेकवर खलाशी जमतील, कुणीतरी वाचेल, 'कोंडी गंगाराम शिवलकर', आणि बापूस म्हणेल, माझी पोर ती. दिवाळीपासून ती रोज हे चित्र रंगवत होती. आता तो विचारेल, "कुंदा? ही कुणाची?"

"वगळा," ती म्हणाली.

शब्द तोंडाबाहेर पडला तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. पण परत घ्यावासा वाटला नाही.

पंतांनी पसरलेले कागद गोळा केले. मग, शहाण्या पक्षकाराशी बोललेलं बरं असं ठरवल्यासारखे म्हणाले, "गंगाराम बोटीवर असेल. उद्या तुझ्या आईला घेऊन ये."

म्हणजे झालंच, कोंडीनं मनात म्हटलं. आईला तर कुंदाच हवी आहे.

सगुणा आली ती धुवट लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, आणि कचेरीच्या उंबऱ्यापाशीच थबकली. पंतांनी "बसा, सगुणाबाई," म्हणून खुर्ची दाखवली तर ती म्हणाली, "नको साहेब, उभी बरी." विमलाबाईही मग उठून उभ्या राहिल्या. बसलेले फक्त पंत.

"तुमची मुलगी गुणी आहे," पंतांनी सुरुवात केली. "तिनं सुरेख लेख लिहिलाय. फक्त नावापुरतं अडून बसलीय. तुम्ही ऐका आणि सांगा, वाईट आहे का." आणि त्यांनी लेख वाचायला घेतला. वाचायचे मात्र छान, कोर्टात वाचतात तसे, शब्द न् शब्द सुटा. "'माझे नाव कुंदा. जन्मतःच मला सुपामध्ये कोंड्यावर…'"

सगुणा मान खाली घालून ऐकत होती. कोंडीला तिचं तोंड दिसेना. लेख संपला.

"काय, बाई? कसं वाटलं?"

"चांगला आहे," सगुणा म्हणाली. "कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमच्या मुलीचा."

"आमच्याकडे कुंदा कोण जन्मला नाय, साहेब." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, एखाद्यानं घर चुकून दार वाजवावं आणि त्याला सांगावं तसं. मग जरा थांबून म्हणाली, "आणि पोरीला कोंड्यावर घातली, ती का म्हणून, ता यात कुठं आला नाय. सुखासुखी कोण घालतं काय पोर कोंड्यावर?"

पंत खाकरले. "होतं ते. पण मंगल प्रसंगाचा अंक आहे, त्यात गेलेल्यांचा उल्लेख बरा दिसला नसता, म्हणून…"

"होतं?" सगुणानं मान वर केली. पंतांकडे नाही, लेकीकडे पाहिलं. "काय होता?"

आता बोलणी बसणार. पण लिहिलं ते लिहिलं, आणि लिहिणारीनं मागं सरायचं नसतं. "हिरा आणि सुंदरा होत्या, आये. मी लिहिल्या होत्या. नावानिशी. यांनी काढल्या."

बाहेर मुलींचा कालवा चालू होता. सगुणानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"तू लिवलंस त्यांना?"

"होय."

"कागदावर?"

"होय गो."

सगुणा उंबरा ओलांडून आत आली. टेबलापाशी आली आणि त्या प्रुफाकडे बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. "साहेब," ती म्हणाली, "तुमचे उपकार आहेत आमच्यावर. पोरीला शाळेत घेतलात, मी विसरायची नाय. पण त्या दोघी माझ्या होत्या. एकदा गेल्या तेव्हा मला कोण विचारायला आला नाय. तुम्ही परत काढलात, तुम्ही तरी विचारायचा होतात."

कोर्टात ज्यांच्यापुढं फौजदार चळचळ कापत ते पंत, आणि त्यांनी चक्क टेबलावरचा टाचण्यांचा डबा इकडचा तिकडं सरकवला.

"घाला परत," सगुणा म्हणाली. "सगळा जसा होता तसा. नाव पण."

"आये, कोंडीच?" कोंडीच्या तोंडून निसटलं. "आणि सटवाई?"

"गप बस. तिचा मी बघेन."

पंतांनी कागद पुढं ओढला. मग लाल शाईची लेखणी उचलली. "ठीक आहे. लेख जाईल मूळचा, तसाच. पण संपादक म्हणून माझीही काही जबाबदारी आहे. खाली मी एक टीप देईन." आणि लिहितालिहिता मोठ्यानं म्हणू लागले, "'प्रस्तुत लेखात वर्णिलेली चाल अनिष्ट असून सुशिक्षित समाजातून ती आता नामशेष होत आहे.' यात काही गैर नाही ना?"

"नाही," कोंडी म्हणाली. "द्या की."

विमलाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. तो अर्ध्यावर आला तोच कोंडी पुढं म्हणाली, "फक्त टिपेखाली तुमचं नाव घाला."

"नाव कशाला? टीप संपादकांची असते. खाली 'संपादक' असं येईल."

"संपादक हे काही नाव नव्हे, साहेब, ते काम झालं. माझ्या लेखाखाली मी आहे, नावगावानिशी. जो हसेल तो मला हसेल. तुमच्या टिपेला कुणाला हसायचं असेल, उलट विचारायचं असेल, तर त्यानं कुणाकडे जायचं?"

"मला कोण हसणार?" पंत म्हणाले, पण लेखणी कागदाच्या वर थांबली होती. बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढं ते पान छापून आलं असावं. वर, कोंड्यावर घातलेली पोर, तिच्या दोन बहिणी, तिची आई. आणि खाली, लहान खिळ्यांत, हरिश्चंद्र अमुक तमुक, बी. ए., एल्‌एल. बी., त्यांना सांगताहेत की तुमचं चुकलं. त्यांनी 'ह' लिहिला. थांबले. उंबऱ्याच्या आत उभ्या असलेल्या त्या बाईकडे एकदा पाहिलं.

मग त्यांनी टिपेवर आडवी रेघ मारली. एकदा नाही, दोनदा.

"विमलाबाई," ते म्हणाले, "मूळ प्रत काढा आणि खिळे पुन्हा जुळवायला सांगा. आजच." आणि कोंडीकडे न बघता पुटपुटले, "वकील व्हायला हवी होतीस तू."

"होईन की," कोंडी म्हणाली. "तोवर आपल्या वकिलीच्या कचेरीत माझ्यासाठी एक खुर्ची राखून ठेवा ना."

"कोंडे!" बाई कळवळल्या.

दोघी मायलेकी बाहेर पडल्या. तापलेल्या चिऱ्यांच्या गडग्याकडेनं सगुणा भराभर चालत होती, कुणीतरी पाठलागावर असल्यासारखी. वळणापाशी थांबली.

"साहेब रागावले गो?"

"रागावू देत."

"तुझा बापूस ऐकलान् तर म्हणेल, दोघींचा डोका फिरला." ती पुढं चालू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "छापून आला की मला दाखव. हिरा कुठं ता, नि सुंदरा कुठं ता. बोट ठेवून दाखव."

"दाखवीन. आणि मी कुठं ते?"

"तू दिसतंसच की सगळीकडं, तुझा काय दाखवायचा!" सगुणा म्हणाली. मग पदर सावरत, जरा चोरट्यासारखी, "पण कुंदा नाव तसा वाईट नव्हता हां. तुला मुलगी झाली की तिला ठेवू."

"तिला विचारू आधी," कोंडी म्हणाली.